उवांवरचे घरगुती इलाज: सीताफळाच्या बियांपासून फणीपर्यंत

जूनमध्ये शाळा भरल्या की काही आठवड्यांतच घरोघरी तीच तक्रार ऐकू येते: पोरीच्या डोक्यात उवा झाल्या. अणदूरसारख्या गावात मग एकाच डोक्यासाठी चार इलाज निघतात. आई बारीक दातांची फणी शोधते. आजी सीताफळाच्या बिया वाटायला काढते. शेजारीण खोबरेलात कापूर घालायला सांगते आणि कुणीतरी घासलेटाची बाटली पुढे करतं. यातलं काय खरंच लागू पडतं, काय नुसता वेळ घालवतं आणि काय लेकराच्या जिवावर बेतू शकतं, याचा नीट हिशेब सहसा कुणी सांगत नाही. उवांनी कुणी मरत नाही, म्हणून हा विषय बायकांच्या गप्पांतच राहून जातो. पण उवांवरच्या चुकीच्या इलाजाने डोळा दुखावतो, अंग भाजतं, विषबाधाही होते. म्हणून घरातल्या प्रत्येक इलाजाची एकेक करून पारख करायला हवी.

आधी ऊ कशी जगते ते पाहू

डोक्यातली ऊ दोन ते तीन मिलिमीटर लांबीची, तिळाएवढी असते. ती फक्त माणसाच्या रक्तावर जगते. तिला पंख नाहीत आणि उडीही मारता येत नाही. एका डोक्याचे केस दुसऱ्या डोक्याच्या केसांना लागले की ती चालत पलीकडे जाते. एका बाकावर चिकटून बसणाऱ्या, एका अंथरुणावर झोपणाऱ्या, डोक्याला डोकं लावून खेळणाऱ्या मुलांत त्या पसरतात, त्याचं कारण हेच. गाई-म्हशींच्या, शेळ्यांच्या किंवा कोंबड्यांच्या अंगावरच्या उवा माणसाच्या डोक्यात वस्ती करत नाहीत. डोक्यावरून खाली पडलेली ऊ रक्तावाचून एक-दोन दिवसांतच मरते.

मादी साधारण महिनाभर जगते आणि दिवसाला सात-आठ अंडी घालते. ही अंडी म्हणजेच लिखा. केसाच्या मुळाशी, कातडीची ऊब मिळेल इतक्या जवळ, ती लीख चिकटवून टाकते. सात ते दहा दिवसांत लीख फुटून पिलू बाहेर येतं आणि पुढच्या नऊ ते बारा दिवसांत ते स्वतः अंडी घालण्याजोगं होतं. कोणताही इलाज पारखायचा तर हे आकडे डोक्यात पक्के ठेवावे लागतात. आज डोक्यातली एकूण एक ऊ मारली तरी लिखा शिल्लक राहिल्या, तर आठवडाभरात नवी पिढी तयार होते. ‘औषध लावलं, चार दिवस बरं वाटलं, मग परत झाल्या’ असं बायका सांगतात तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

खाज येते ती उवेच्या लाळेची कातडीला ॲलर्जी होते म्हणून. पहिल्यांदा उवा झालेल्या मुलाला खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागू शकतात. म्हणजे मूल डोकं खाजवायला लागेपर्यंत उवांचा संसार थाटून झालेला असतो आणि तोवर त्या घरातल्या इतरांच्या डोक्यांतही पोचलेल्या असतात. खाजवून कातडी फाटली की जंतुसंसर्ग होतो, पुरळ पिकतं, मानेमागच्या गाठी सुजतात. झोप मोडते, वर्गात लक्ष लागत नाही. डोक्यातल्या उवांनी मात्र कुठला साथीचा रोग पसरत नाही. टायफससारखे रोग पसरवणाऱ्या उवा वेगळ्या, त्या कपड्यांच्या शिवणीत राहतात.

सीताफळाच्या बिया: जालीम आणि म्हणूनच धोकादायक

धाराशिव-बीडच्या बालाघाट डोंगररांगेत सीताफळाचं झाड कुणी मुद्दाम लावावं लागत नाही. माळावर, बांधावर, दगडांच्या कपारीत ते आपोआप येतं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोपल्याच्या टोपल्या बाजारात येतात आणि फळ खाऊन झालं की बिया वाळवून ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे. त्या बियांची पूड तेलात कालवून केसांना लावायची, डोकं फडक्याने बांधायचं आणि काही वेळाने धुवायचं, हा या भागातला जुना इलाज.

या इलाजात तथ्य आहे. सीताफळाच्या बियांत ॲसिटोजेनिन नावाची रसायनं असतात. पेशीला ऊर्जा पुरवणारी यंत्रणाच ती बंद पाडतात. कीटकांवर त्यांचा असर जबर होतो. थायलंडमध्ये या बियांच्या अर्कापासून मलम करून शाळकरी मुलींवर त्याची चाचणी घेतली गेली, तेव्हा काही तासांत बहुतेक उवा मेल्या. आजीचं म्हणणं प्रयोगशाळेतही खरं निघालं.

अडचण अशी की हे विष ऊ कोणती आणि डोळा कोणता हे ओळखत नाही. बियांची पूड किंवा तिचं पाणी डोळ्यात गेलं तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजल्यासारखा सोलवटतो. डोळा लालभडक होतो, पाण्याच्या धारा लागतात, पापणी उघडत नाही, दिसायला धूसर होतं. भारतातल्या आणि थायलंडमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले आहेत, आणि त्यांत उवांसाठी डोक्याला पूड लावलेले लोक आहेत. वेळेवर उपचार झाले तर बहुतेकांचे डोळे बरे होतात. उशीर झाला, त्यात जंतू शिरले, तर बुबुळावर फूल पडून नजर कायमची अधू होऊ शकते. चाचणीतलं मलम मोजून-मापून केलेलं होतं. घरात वाटलेल्या पुडीत विष किती, हे कुणालाच ठाऊक नसतं. धोका लावताना असतो तितकाच, किंबहुना जास्त, डोकं धुताना असतो. पूड कपाळावरून ओघळते आणि मूल ओल्या हाताने डोळे चोळतं.

म्हणून स्पष्ट सांगायला हवं: सीताफळाच्या बिया मुलांच्या डोक्याला लावू नयेत. कुणी आधीच लावल्या असतील आणि डोळ्याला लागलं असेल, तर वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटं डोळा धुवावा. दूध, तूप, मध किंवा झाडपाल्याचा रस डोळ्यात घालू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

कडुलिंब, कापूर आणि बाकीचा पाला

कडुलिंबाची ख्यातीही बिनबुडाची नाही. त्याच्या बियांतल्या ॲझाडिरॅक्टिनमुळे कीटकांची वाढ खुंटते. इजिप्तमध्ये कडुलिंबाच्या बियांच्या अर्काचा शाम्पू उवा झालेल्या मुलांवर वापरून पाहिला गेला आणि निकाल चांगला आला. पण घरात आपण करतो ते वेगळं. आपण पाला उकळून त्या पाण्याने डोकं धुतो किंवा पाला वाटून लावतो. पाल्यात बियांइतका कस नसतो. त्या पाण्याने अपाय होत नाही, पण त्याच्या भरवशावर राहिलं तर उवा वाढत जातात. कडुलिंबाचं तेल मात्र तान्ह्या बाळापासून दूर ठेवावं. ते पोटात गेल्याने बाळांना उलट्या, गुंगी आणि झटके आल्याच्या नोंदी आहेत.

कापराची गोष्ट याहून गंभीर आहे. खोबरेलात कापूर विरघळवून लावणं हा महाराष्ट्रभरचा आवडता इलाज आहे. कापराच्या उग्रपणाने उवा बधिर होतात, काही मरतातही. पण कापूर कातडीतून आणि श्वासातून अंगात भिनतो. लहान मुलाच्या पोटात थोडासा जरी गेला तरी अर्ध्या-पाऊण तासात झटके येऊ शकतात. पूजेचा कापूर खडीसाखरेसारखा दिसतो, त्यामुळे रांगत्या मुलाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही. खाजवून फुटलेल्या कातडीवर तो जास्त शोषला जातो. लहान मुलांच्या डोक्याला कापूर लावायचाच नाही, हा नियम घरात असावा.

कांद्याचा रस, लसणाचा रस, लिंबू, ताक, उशाखाली तुळस, वेखंडाची पूड, करंजाचं तेल ही यादी गावागणिक वाढत जाते. वेखंड आणि करंज यांत कीटकांना मारक द्रव्यं आहेत. पण माणसांवर नीट चाचणी होऊन सिद्ध झालेला घरगुती इलाज यांतला एकही नाही. लिंबू आणि कांदा फुटलेल्या कातडीवर झोंबतात, एवढंच खात्रीने घडतं. शहरात हल्ली व्हिनेगर लावून लिखा सुटतात असं सांगितलं जातं. लीख ज्या गोंदाने चिकटते तो केसासारख्याच प्रथिनांचा बनलेला असतो. तो विरघळवायचा म्हटलं तर आधी केस विरघळेल. लीख ओढूनच काढावी लागते.

घासलेट आणि फवारणीचं औषध

यांच्याबद्दल जपून बोलण्याचं कारण नाही. डोक्याला घासलेट लावणं म्हणजे मुलाला आगीच्या तोंडी देणं. घरात चूल पेटलेली असते, देवापुढे दिवा असतो, बिडी ओढणारं कुणी असतं. आग लागली नाही तरी घासलेटाने कातडी भाजते, आणि ते तोंडात जाऊन श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसं सुजतात.

त्याहून भयंकर म्हणजे शेतातलं औषध. सोयाबीन, तूर, द्राक्ष, ऊस यांच्यावर फवारायचं कीटकनाशक किंवा जनावरांच्या गोचिडांवरचं औषध घरात असतंच. ‘किड्यावर चालतं तर उवेवर का नाही?’ असा विचार मनात येतो. डोक्याच्या कातडीतून, त्यातही खाजवून फाटलेल्या कातडीतून, ही विषं झपाट्याने रक्तात जातात. मग लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास लागतो. उवांसाठी कीटकनाशक लावल्याने मुलं दगावल्याच्या घटना भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. असं कुणाच्या हातून घडलंच, तर कपडे काढून डोकं आणि अंग साबण-पाण्याने भरपूर धुवावं, औषधाची बाटली सोबत घ्यावी आणि लागलीच दवाखाना गाठावा.

तेल आणि फणी

घरातल्या इलाजांपैकी आधाराला उभे राहतात ते दोनच. दोन्ही जुने, स्वस्त आणि प्रत्येक घरात असलेले.

तेलाचं काम आधी समजून घेऊ. ऊ अंगाच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रांतून श्वास घेते. ती छिद्रं तिला मिटूनही घेता येतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००४ साली घरगुती उपाय तपासताना उवा आठ तास पाण्यात बुडवून ठेवल्या, तरी त्या बुडून मेल्या नाहीत. नुसतं डोकं धुतल्याने उवा का जात नाहीत, याचं उत्तर इथे मिळतं. त्याच तपासणीत ऑलिव्ह तेल, लोणी, मेयोनेज, व्हिनेगर यांच्यावर विसंबता येईल असं दिसलं नाही. थोडीफार चमक दाखवली ती पेट्रोलियम जेलीने, आणि ती केसांतून काढता काढता नाकी नऊ येतात. ब्रिटनमध्ये २०१० साली खोबरेल आणि विलायती बडीशेपेच्या तेलाचा तयार फवारा तपासला गेला. तो वापरलेल्या ५० पैकी ४१ जणांच्या उवा गेल्या, पर्मेथ्रिनचं औषध वापरलेल्या ५० पैकी फक्त २१ जणांच्या. म्हणजे तेलात ताकद आहे. मात्र तो मोजून बनवलेला फवारा होता, घरातलं नुसतं खोबरेल नव्हे.

घरच्या तेलाचं खरं मोल वेगळ्या कामात आहे. खोबरेल असो की करडईचं तेल, भरपूर चोपडलं की उवा सुस्तावतात, केसांचा गुंता सुटतो आणि फणी मुळापासून टोकापर्यंत न अडखळता जाते. तेल फणीचा सोबती आहे. ऊ आणि लीख प्रत्यक्ष बाहेर काढते ती फणीच.

आणि फणी आजकालची नाही. इस्रायलमधल्या लाखीश इथे सापडलेल्या हस्तिदंती फणीवर सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. २०२२ साली तो वाचला गेला, तेव्हा केसांतल्या आणि दाढीतल्या उवा नाहीशा होवोत अशी इच्छा त्यात निघाली. फणीने उवा जातात का, हे ब्रिटनमध्ये दोनदा तपासलं गेलं. २००० सालच्या चाचणीत ओल्या केसांत फणी फिरवणाऱ्यांपैकी ३८ टक्के मुलं उवामुक्त झाली आणि मॅलॅथिऑन हे औषध लावणाऱ्यांपैकी ७८ टक्के. २००५ साली सुधारलेली फणी देऊन पुन्हा चाचणी झाली, तेव्हा फणीने ५७ टक्के मुलं मोकळी झाली आणि दुकानातली औषधं वापरणारी अवघी १३ टक्के. या दोन चाचण्यांतून दोन गोष्टी कळतात. औषधाचा गुण त्या भागातल्या उवा त्याला किती सरावल्या आहेत यावर ठरतो, आणि फणी किती चांगली आहे यावर बरंच काही अवलंबून असतं. फणीला ऊ कधी सरावत नाही.

रीत सोपी आहे, पण ती पूर्ण पाळावी लागते. केसांना भरपूर तेल लावून आधी साध्या कंगव्याने गुंता काढावा. मग केसांच्या बारीक बटा करून प्रत्येक बट कातडीला टेकवून टोकापर्यंत फणीने ओढावी. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या फडक्याला पुसावी, म्हणजे काय निघालं ते दिसतं. दात जवळजवळ असलेली धातूची फणी असली तर उत्तम. लांब केसांना अर्धा-पाऊण तास लागतो. पहिल्या दिवशी, मग पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी हे करायचं. या वेळापत्रकामागे वर सांगितलेले आकडेच आहेत: लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात आणि पिलांना अंडी घालायला पुढे निदान नऊ दिवस लागतात. दर चार दिवसांनी फणी फिरली तर एकाही पिलाला अंडी घालण्याइतकं वय गाठता येत नाही. चौथ्या वेळीही जिवंत ऊ दिसली तर त्याच अंतराने पुढे चालू ठेवावं.

घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासायची, बाप आणि भावांचीही. कंगवा, टॉवेल, उशीचे अभ्रे गरम पाण्यात बुडवावेत आणि उन्हात वाळवावेत. घर सारवणं, धुरी देणं, गाद्या जाळणं यांची काही गरज नसते.

औषध कधी घ्यायचं

फणीला वेळ मिळत नाही, डोक्यात फोड झालेत किंवा दोन फेऱ्या करूनही उवा जात नाहीत, अशा वेळी औषध घेण्यात कमीपणा नाही. एक टक्का पर्मेथ्रिनचं औषध दोन महिन्यांवरच्या मुलांना चालतं. ते सांगितल्याप्रमाणे लावून नवव्या दिवसाच्या आसपास पुन्हा लावावं लागतं, कारण लिखांवर त्याचा पुरता असर होत नाही. शेवंतीच्या जातीतल्या एका फुलापासून पायरेथ्रम हे कीटकनाशक मिळतं, त्याच्याच धर्तीवर पर्मेथ्रिन बनवलं गेलं. डायमेटिकोन हे सिलिकोनचं तेल विषाने मारत नाही, उवेवर थर चढवून तिला मारतं, म्हणून उवा त्याला सरावण्याची भीती कमी असते. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या डॉक्टरांनी वजन पाहून द्यायच्या असतात, पंधरा किलोखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला त्या देत नाहीत. हे औषध जपानच्या मातीत सापडलेल्या जंतूपासून आलं आणि त्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ सालचं नोबेल मिळालं. निसर्गातून आलेलं ते निर्धोक आणि दुकानातलं ते घातक, ही वाटणी उवांच्या बाबतीत टिकत नाही. एके काळी सर्रास मिळणारं लिंडेन मात्र मज्जासंस्थेला अपाय करतं. कुठल्या जुन्या बाटलीवर त्याचं किंवा गॅमा बेंझिन हेक्साक्लोराइडचं नाव दिसलं तर ती वापरू नये.

हा एकट्या आईचा प्रश्न नाही

उवा अस्वच्छतेने होतात, हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो. रोज न्हाणाऱ्या डोक्यातही त्या तितक्याच सुखाने राहतात. पण या समजापायी आई खालमानेने वावरते, शेजारी कळू देत नाही आणि ज्या घरातून उवा परत येणार त्या घरापर्यंत बातमीच पोचत नाही. मुलींच्या वाट्याला तर वर्गातलं चिडवणं येतं, वेगळं बसवलं जातं, कधी रागाच्या भरात केस कापले जातात. लांब केस सांभाळण्याचा हट्ट घरच्यांचा असतो आणि शिक्षा पोरीला होते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अनेक वर्षांपासून सांगितलं आहे की उवा किंवा लिखा आहेत म्हणून मुलाला शाळेतून घरी पाठवू नये. जिच्या डोक्यात आज ऊ दिसली तिच्या डोक्यात ती महिनाभर होती. एक दिवस घरी बसवून फक्त तिची शाळा बुडते.

उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घराला ‘रोज न्हाऊ घाला’ हा सल्ला देण्यात अर्थ नाही, आणि उवांसाठी त्याची गरजही नाही. तेल-फणीला पाणी लागत नाही. तिला लागतो वेळ. ऊसतोडीला गेलेल्या किंवा दिवसभर रोजाने जाणाऱ्या बाईकडे तीन पोरींची डोकी चार वेळा विंचरायला तेवढाच नसतो. म्हणून हे काम एकेका घरावर सोडून भागणार नाही.

अणदूरला यासाठी दूर पाहायला नको. इथेच डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. त्याआधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी कमी शिकलेल्या बायकाही गावाचं आरोग्य सांभाळू शकतात हे दाखवून दिलं होतं. उवांचा प्रश्न या वाटेने सुटण्याजोगा आहे. त्याला महागडं यंत्र लागत नाही की तज्ज्ञ लागत नाही. लागते ती शिकलेली नजर, सगळ्यांचा एकच दिवस आणि न ओरडता बोलणारी बाई.

शाळा भरल्यावर दुसऱ्या आठवड्यात आशाताई आणि शिक्षिकांनी पालकांची बैठक घ्यावी. वर्गातल्या सगळ्या घरांनी एकाच रविवारी पहिली फणी करावी आणि पुढचे तीन दिवस फळ्यावर लिहून ठेवावेत. ज्या घरी वेळ नाही तिथल्या मुलींची फणी बचत गटातल्या बायकांनी शाळेतच, पडद्याआड, मायेने करावी. ग्रामपंचायतीने वर्गामागे चार-पाच चांगल्या धातूच्या फण्या घेऊन द्याव्यात. वापरानंतर त्या उकळत्या पाण्यात टाकल्या की वर्षानुवर्षं टिकतात. त्याच बैठकीत तीन नावं ठणकावून सांगावीत: सीताफळाच्या बिया, घासलेट, फवारणीचं औषध. ही तीन डोक्याला लागू द्यायची नाहीत. एवढं झालं तर पावसाळा संपेपर्यंत वर्गातल्या बहुतेक मुली उवांपासून मोकळ्या होतील, आणि एकाही पोरीला त्यासाठी डोळा किंवा केस गमवावे लागणार नाहीत.